जुनी डबल बार लिलावात घेताना: सातारा-सांगलीकडच्या परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करात मी आर्मरर होतो. नोकरीभर हत्यारे उघडली, पुसली, मोजली आणि दुरुस्त केली. निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आल्यापासून लोक माझ्याकडे जुन्या बारा बोअरबद्दल, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीबद्दल, विशेषतः दोन नळ्यांच्या डबल बारबद्दल विचारायला येतात. कुणी अपशिंग्याचे निवृत्त सुभेदार असतात, त्यांना बँकेत गार्डची नोकरी लागलेली असते. कुणी शिराळ्याकडचा शेतकरी असतो, तो रानडुकरांनी उसाची केलेली नासाडी सांगत येतो. कुणी आजोबांची बंदूक चौकीत जमा असल्याची पावती घेऊन येतो. बंदूक दुरुस्तीचा व्यवसाय करायला वेगळा परवाना लागतो आणि तो मी घेतलेला नाही. त्यामुळे मी दुरुस्ती करत नाही. बंदुकीचा मालक परवान्यासह समोर असेल तर बंदूक पाहतो आणि जे दिसते ते सांगतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे इथे एकदाची लिहून ठेवतो.

असे लिलाव आपल्याकडे खरेच होतात का?

होतात, पण जनावरांच्या बाजारासारखे ठरल्या वारी होत नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्याला उपयोगी पडणारे लिलाव मुख्यतः बँकांचे आणि मोठ्या संस्थांचे. पूर्वी बँकांनी आपल्या गार्डसाठी बंदुका घेतल्या होत्या. पुढे सुरक्षा एजन्सीकडे गेली आणि बंदुका तिजोरीच्या खोलीत पडून राहिल्या. मग बँक मोहोरबंद निविदा मागवते. त्यात अमुक नंबरच्या इतक्या डबल बॅरल, इतक्या सिंगल बॅरल, जशा आहेत तशा, जिथे आहेत तिथे, असे लिहिलेले असते. निविदा भरणारा अधिकृत शस्त्रविक्रेता किंवा वैध परवानाधारक असावा, ही अट असते. वर्तमानपत्रातल्या छोट्या नोटिसा आणि बँकेच्या संकेतस्थळावरचे निविदांचे पान पाहत राहा.

दुसरा प्रकार सरकारजमा झालेल्या हत्यारांचा. त्यांचे काय करायचे हे प्रशासन ठरवते आणि त्यातली बरीच नष्टही केली जातात, म्हणून त्यावर आशा लावून बसू नका. याशिवाय एखाद्या घरची बंदूक विक्रेत्याच्या दुकानात येते आणि दोघे-तिघे गिऱ्हाईक आपापला आकडा सांगतात. नाव लिलाव नसले तरी तोही एक लिलावच.

आधी बंदूक पक्की करू, मग परवाना काढू, असे चालेल का?

नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक घेणेही गुन्हा आणि बाळगणेही गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बारा बोअरसाठीसुद्धा त्याची शिक्षा किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे झाली आहे. "दोन दिवस पाव्हण्याकडे ठेवतो" असले काही करू नका. त्यात पाव्हणाही अडकतो.

आपल्याकडे परवाना जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी देतात आणि चौकशी पोलिसांकडून होते. वय २१ पूर्ण हवे. परवाना हातात आला की त्यातल्या तीन गोष्टी वाचा: कोणते हत्यार मंजूर आहे, ते किती मुदतीत घ्यायचे आहे आणि परवाना कोणत्या हद्दीत चालतो. गार्डची नोकरी पुण्याला आणि परवाना फक्त सातारा जिल्ह्यापुरता, अशी पंचाईत झालेले लोक मी पाहिले आहेत. बंदूक कितीही चांगली असली तरी ती त्यांच्या कामाची राहत नाही.

घरात वडिलांची एक आहे, माझी एक आहे. लिलावातली तिसरी घेता येईल का?

परवाना माणसागणिक असतो, घरागणिक नसतो. एका माणसाच्या नावावर आता दोनच बंदुका राहू शकतात. ही मर्यादा पूर्वी तीन होती, २०१९ मध्ये दोनवर आली. वारशाने आलेली बंदूकही या दोनात धरली जाते. बोली लावण्याआधी आपल्या परवान्यावरची मोजणी करा.

बँकेतली बंदूक म्हणजे न वापरलेली बंदूक. डोळे झाकून घ्यावी का?

डोळे उघडे ठेवूनच घ्यावी. बँकेची बंदूक झाडलेली फार कमी असते, हे खरे. पण ती वर्षानुवर्षे खांद्यावर वागवलेली असते, भिंतीला टेकवलेली असते, कधी फरशीवर पडलेली असते. नळ्यांच्या बाहेरचा निळसर रंग हाताच्या घामाने गेलेला असतो. दस्त्याच्या टाचेचे कोपरे झिजलेले असतात. यातले काहीच मोठे दुखणे नाही. दुखणे आत असते. रोज झाडणारा माणूस रोज साफ करतो, आणि जी बंदूक कधीच झाडली नाही तिच्या नळीत चिंदी फिरवायचे कुणाच्या मनातही येत नाही. बाहेरून झिजलेली पण आतून आरशासारखी बंदूक मी पाहिली आहे, आणि बाहेरून चकाचक पण आतून देवीच्या व्रणांसारखी खड्डे पडलेलीही पाहिली आहे.

आपल्या भागात बंदूक कुठे ठेवलेली होती हेही विचारा. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पाटण-जावळीच्या डोंगरी गावांतही भिंतींना ओल येते. माण-खटावात हवा कोरडी. एकाच बनावटीच्या दोन बंदुकांपैकी एक दहिवडीत आणि दुसरी कोयनेच्या अंगाला राहिली असेल, तर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीखाली दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पाहणीला जाताना बरोबर काय न्यावे आणि काय पाहावे?

पाहणीची तारीख निविदेत दिलेली असते. ती चुकवू नका. नंतर बँक काही परत घेत नाही.

बरोबर एक छोटी विजेरी, पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी), चार स्वच्छ चिंद्या आणि एक पांढरा कागद न्या. या चिंद्यांचे महत्त्व मला माझ्या चुकीतून कळले. मेहुण्यासाठी एका संस्थेच्या लिलावात मी बंदूक पाहिली होती. खोलीत एकच ट्यूबलाइट, मागे रांग, पाच मिनिटांची घाई. नळ्यांत जाड ग्रीस भरलेले होते. ग्रीस आहे म्हणजे काळजीने ठेवली आहे, असे मी समजलो आणि चिंदी न फिरवताच होकार दिला. घरी ग्रीस काढल्यावर डाव्या नळीत जबर गंज निघाला आणि पुढच्या अर्ध्यात फुगवटाही निघाला. नोकरीभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट मी स्वतः केली नव्हती. ती बंदूक आजतागायत एकदाही झाडलेली नाही, झाडू दिलेली नाही. मेहुण्याचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून क्रम असा ठेवा. बंदूक हातात आली की प्रथम उघडा आणि दोन्ही घरे, म्हणजे काडतूस बसते त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. समोरच्याने "रिकामी आहे" म्हटले तरीही पाहा. मग नंबर जुळवा. नळ्यांवर, नळ्या जिला जोडतात त्या मधल्या लोखंडी पेटीवर आणि पुढच्या लाकडाच्या पत्र्यावर तो सहसा असतो. तिन्हीकडे एकच हवा आणि तोच निविदेच्या यादीत हवा.

नंतर पुढचे लाकूड काढून बंदूक पुन्हा बंद करा आणि दस्ता धरून हलकेच हलवा. सांध्यात खडखड जाणवली, किंवा उजेडासमोर धरल्यावर नळ्यांचा मागचा भाग आणि पेटीचा पुढचा भाग यांत फट दिसली, तर सांधा सैल झाला आहे. चांगला कारागीर तो घट्ट करू शकतो, पण ते खर्चाचे आणि कौशल्याचे काम आहे. असा कारागीर आता सहज मिळत नाही.

आता नळ्या सोडवा. खालच्या आकड्यात बोट घालून त्या लोंबत्या धरा आणि नखाने टिचकी मारा. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद घुमला तर पट्ट्यांचे झाळकाम शाबूत आहे. आवाज बद्द आला, मडके फुटके असल्यासारखा, तर पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि आत पाणी शिरून गंज धरला असण्याची शक्यता मोठी. ही एवढीशी परीक्षा फुकट आहे आणि कधीही चुकवू नये अशी आहे.

मग चिंदी फिरवा, पांढरा कागद उजेडात ठेवा आणि नळीतून त्याच्याकडे पाहा. आतली वर्तुळे एकसारखी दिसली पाहिजेत. मधेच काळी कडी दिसली तर तिथे फुगवटा किंवा पोचा आहे. बाहेरून त्याच जागी बोट फिरवले की कळते.

घोडे रिकाम्या घरावर फटाफट पाडू नका, टोचणी तुटते. नकली काडतुसे मिळाली तर ती घालून चाप ओढा. एक चाप ओढल्यावर दुसरा घोडा पडता कामा नये. झिजलेल्या खाचांमुळे दोन्ही नळ्या एकदम सुटणाऱ्या बंदुका आहेत, आणि त्याने खांदा निखळलेला माणूस मी पाहिला आहे. शेवटी दस्ता पाहा. पेटीच्या मागे, जिथे मूठ बारीक होते, तिथे केसासारखी चीर असेल तर लाकूड बदलण्याचा खर्च धरा. तेल पिऊन काळे पडलेले लाकूड तिथेच फुटते.

नळीची जाडी किती असावी?

इंग्लंडच्या बंदूक व्यवसायात इंचाच्या हजार भागांतले २० भाग, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा मानतात. जुन्या नळ्या आतून घासून खड्डे काढलेल्या असतात. त्या दिसायला सुरेख, पण पातळ झालेल्या असतात. ही जाडी डोळ्यांना दिसत नाही, ती मापकानेच कळते. विक्रेत्याकडे मापक असेल तर मोजून मागा. "इतकी वर्षे काही झाले नाही" हे माप नव्हे.

६५ आणि ७० मिलिमीटर हा काय घोळ आहे?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

काडतुसाच्या खोक्यावर ६५ किंवा ७० मिलिमीटर अशी लांबी छापलेली असते. ही लांबी झाडल्यानंतरच्या, तोंड पूर्ण उघडलेल्या नळकांड्याची. झाडण्याआधी तोंड दुमडलेले असल्याने ७० चे काडतूस आखूड असते आणि ६५ च्या घरात आरामात बसते. बंदूक बंद होते. माणसाला वाटते, बसले म्हणजे चालते. चाप ओढला की दुमड उघडायला जागा नसते. ती घराच्या पुढे निमुळत्या होत गेलेल्या भागात उघडते, छऱ्यांची वाट आवळते आणि आतला दाब वाढतो. नवी दणकट नळी एखादे वेळी सोसेल. साठ-सत्तर वर्षांची, घासून पातळ झालेली नळी कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटते ती डाव्या हाताच्या पंजाजवळ.

जुन्या इंग्लिश बारा बोअरचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. पावणेतीन इंच म्हणजे ७०, तीन इंच म्हणजे ७६. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर हे बऱ्याचदा ठोकलेले असते. आपल्याकडे सर्रास मिळणारी शक्तिमान काडतुसे पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. तीही घेताना खोके फिरवून लांबी वाचा, आणि आपल्या बंदुकीचे घर किती आहे ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. घरातला मुलगा काडतुसे आणायला गेला तरी चूक होणार नाही.

नळीवर वेलबुट्टीसारखी वळणे दिसतात. ती भारी असते ना?

दिसायला फार देखणी असते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून ती नळी बनवत. तिला दमास्कस म्हणतात. पण त्यातल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू वेगळ्या पद्धतीने दाब देते. त्या दारूसाठी चाचणी झाल्याचा शिक्का नळीवर नसेल तर ती बंदूक झाडायची नाही. जपण्यासाठी घ्यायची असेल तर आनंदाने घ्या. परवाना मात्र तिलाही लागतो.

नळीवर लंडन, बर्मिंगहॅम, कलकत्ता असे लिहिले आहे. किंमत जास्त द्यावी का?

नावापेक्षा शिक्के पाहा. लंडन आणि बर्मिंगहॅम इथल्या चाचणीघरांचे शिक्के नळ्यांखाली असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ पासूनचे. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी अशी अक्षरे आणि त्यांच्याखाली तारा दिसला तर नळी बेल्जियममधल्या लिएजची, मग वर इंग्लिश वाटणारे नाव काहीही कोरलेले असो. लिएजची बंदूक वाईट असते असे नाही. काही उत्तम आहेत. पण इंग्लिशचा भाव देऊ नका. कलकत्त्याचे मँटन किंवा रॉडा हे नाव बऱ्याचदा दुकानाचे असते, बंदूक घडवलेली बर्मिंगहॅममध्ये असते.

वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर, वेब्ली स्कॉट यांच्या बंदुका आपल्याकडे पुष्कळ आल्या. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला बाहेरून बंदूक आणण्याची वाट बंद झाली. त्यामुळे देशात आहेत तेवढ्याच विलायती बंदुका फिरत राहतात आणि भाव चढाच राहतो. गार्डच्या नोकरीसाठी घेणाऱ्याने या भावात अडकू नये. ऑर्डनन्स फॅक्टरीची साधी, ७० मिलिमीटर घराची डबल बार त्याला जास्त उपयोगी.

"ही औंध संस्थानातली आहे", "ही फलटणच्या राजवाड्यातली", असे सांगतात. खरे मानावे का?

सातारा-सांगली भागात औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती. त्यामुळे ही गोष्ट ऐकायला खरी वाटते. कागद मागा: जुना परवाना, खरेदीची पावती, बंदूक ठेवायच्या खोक्यावरची चिठ्ठी. काही जुन्या इंग्लिश कंपन्या नंबरावरून आपल्या वह्यांतला उतारा देतात, त्यात बंदूक पहिल्यांदा कुणासाठी बनली ते असते. कागद असेल तर मान ठेवून जास्त पैसे द्या. नसेल तर ती फक्त एक बंदूक आहे.

लंडनच्या लिलावात स्वस्त मिळते. तिथून मागवू का?

नाही. तिथे बोली जिंकाल, पण बंदूक इथे आणता येणार नाही.

शंभर वर्षे जुनी आहे, भिंतीवर लावायची आहे. तरी परवाना?

वय झाले म्हणून सूट नाही. जुन्या घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी असेल, आणि दुरुस्ती करूनही झाडता येण्यासारखी नसेल, तरच कायद्याच्या कलम ४५ ची सवलत. ते आपण घरी ठरवायचे नाही, परवाना शाखेकडून लेखी घ्यायचे. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, म्हणून ती देशाबाहेर विकण्याचाही विचार करू नका.

नंबर पुसट झालाय. कोरून घेऊ का?

हात लावू नका. नंबर खोडणे, बदलणे, नवा ठोकणे हा गुन्हा आहे, आणि ओळखीची खूण नसलेली बंदूक विकताही येत नाही. अशी बंदूक यादीत दिसली तर ती सोडा. नळी कापून आखूड करणेही असेच. परवान्याशिवाय ते चालत नाही, आणि नळी २० इंचांच्या आत गेली की साध्या बारा बोअरसाठीची कायद्यातली सोय राहत नाही.

आजोबा वारले, बंदूक चौकीत जमा आहे. आम्ही ती लिलावात काढू शकतो का?

हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी आधी पाणी देतो आणि मग पावतीवरची तारीख विचारतो. सगळे त्या तारखेवर अवलंबून असते.

परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असते. जमा केल्यावर ठरावीक मुदतीत दोन हक्क असतात. वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा, किंवा दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकून पैसे घ्यायचे. मुदत टळली की जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते. भावाभावांत वाद, मुंबईचा हिस्सेदार सही करायला येत नाही, बहिणीला कुणी विचारलेच नाही, अशा कारणांनी घरच्या चांगल्या बंदुका गेल्या आहेत. नातू दहा वर्षांनी पावती घेऊन येतो तेव्हा सांगण्यासारखे काही उरत नाही.

परवानाधारक हयात असतील तर आणखी बरे. वयाची ७० वर्षे झाली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, यातले जे आधी होईल तेव्हापासून ते आपल्या हयातीतच वारसाकडे ती सोपवण्यासाठी अर्ज करू शकतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये ही तरतूद आहे. घरात म्हातारे माणूस असेल तर या दिवाळीत सगळे जमतील तेव्हाच हा विषय काढा.

खासगी विक्री करायची असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवा. त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्या, मगच बंदूक द्या. विसाराची रक्कम घेतली तरी बंदूक आपल्याकडेच राहू दे.

रानडुकरांसाठी घेतोय. पुढे अडचण?

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येते. पिकाचे नुकसान असले तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. चांदोली-कोयनेच्या अंगाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथल्या गावांनी तर जास्तच जपावे. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, मग निविदा भरा.

बोली किती लावावी?

विक्रेत्याच्या दुकानात तशाच बंदुकीला काय मागतात ते विचारा. त्यातून दुरुस्ती, विक्रेत्यामार्फत नोंदणीचा खर्च आणि न पाहता येणाऱ्या दोषाची जोखीम वजा करा. उरेल तो आकडा पाहणीच्या आधी नव्हे, पाहणीनंतर लिफाफ्यात घाला. नळीत फुगवटा असेल तर आकडा शून्य.

बंदूक मिळाली. आता?

ताबा घेताना संस्थेचे पत्र, पावती आणि तुमच्या परवान्यावरची नोंद यांतला नंबर एक आहे ना, ते तिथेच उभे राहून पाहा. बंदूक रिकामी, खोळीत, परवाना खिशात, आणि वाटेत कुठे जेवायला न थांबता सरळ घरी. परवाना शाखेत पडताळणीसाठी दाखवून घ्या. निवडणुकीच्या काळात जमा करायचा आदेश आला तर पावती जपून ठेवा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायला कुणी मागितली तर देऊ नका. २०१९ पासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

ठेवताना चामड्याच्या खोळीत ठेवू नका. पावसाळ्यात खोळ ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते. कुलपाच्या कपाटात, भिंतीपासून चार बोटे लांब, तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन्ही नळ्यांत तेलाची चिंदी फिरवा.